दरीकडे तोंड करून

स्कीचे बूट पायांत घालणं हे आमच्या हिवाळी सुट्टीतलं सर्वांत कष्टाचं काम, आणि ते रोज सकाळी नव्याने करावं लागतं. बाहेरून कडक प्लास्टिक, आतून जाड अस्तर, वर चार बकला. रात्रभर हीटरपाशी ठेवले तरी टाचेजवळ थोडी ओल राहतेच. पाय आत ढकलायचा, टाच बसेपर्यंत जमिनीवर आपटायचा, बकला एकेक दात पुढे सरकवत आवळायच्या आणि उभं राहायचं. उभं राहिल्यावर कळतं की घोटा आता वाकत नाही. नडगी पुढे झुकलेली, गुडघे किंचित दुमडलेले, अशा एकाच पवित्र्यात पाय जखडला गेलेला असतो. त्याच पवित्र्यात जिना उतरायचा, गावातला निसरडा चढ चढायचा, खांद्यावर स्की आणि मुठीत काठ्या सांभाळत आगगाडीत शिरायचं. डोंगरावर पोहोचेपर्यंत पाठीला घाम आलेला असतो आणि बोटं गारठलेली असतात. मग हातमोजे काढून पास शोधायचा, चष्म्यावरची वाफ पुसायची, मुलीच्या नाकाला मलम लावायचं. दिवस अजून सुरूही झालेला नसतो.

मी पुण्याची, नोकरीच्या निमित्ताने झुरिकला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. इथल्या शाळांना फेब्रुवारीत दोन आठवडे क्रीडासुट्टी मिळते. या सुट्टीची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या कोळशाच्या टंचाईत आहेत. वर्ग तापवण्याचा खर्च वाचावा म्हणून शाळा बंद ठेवल्या, आणि पुढे टंचाई सरली तरी सुट्टी टिकली. १९६३ साली विको टोरियानी या गायकाने सगळा देश स्कीवर निघालाय अशा अर्थाचं एक गाणं म्हटलं. ते आजही डोंगरावरच्या उपाहारगृहांत वाजतं आणि पन्नाशीपुढची माणसं त्यावर ठेका धरतात. सुट्टीनंतरच्या सोमवारी मुलीला वर्गात ‘कुठे गेला होतात?’ असं विचारतात. गेला होतात का, असं कोणी विचारत नाही. म्हणून आम्हीही गेलो, आणि मग जातच राहिलो. आमचं ठिकाण वेंगेन. लाउटरब्रुनेनच्या खोल दरीच्या काठावर, १,२७४ मीटर उंचीवरचं, मोटारी नसलेलं गाव. तिथे दातेरी रुळांवरून चढणारी गाडी नेते. ती १८९३ सालापासून धावते आहे.

खर्चाबद्दल फार लिहीत नाही. एका दिवसाच्या पासालाच बरेच फ्रँक पडतात. त्यावर बूट-स्कीचं भाडं, शिकवणीची फी, राहायची जागा. इतक्या पैशांत पुण्याला जाऊन आईला भेटता येईल, हा विचार प्रत्येक वर्षी मनात येतो आणि प्रत्येक वर्षी थोडा बोचतो.

मला लिहायचं आहे ते उताराबद्दल.

सह्याद्रीत वाढलेल्या शरीराला उताराचं एक शिक्षण मिळालेलं असतं. मे महिन्यात राजगडावरून किंवा तोरण्यावरून उतरताना वाळक्या गवताखाली मुरूम असतो, पायाखालून खडे निसटतात. अशा घसाऱ्यावर आमच्या कॉलेजच्या गटातली अनुभवी मुलं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची : घाई करू नकोस, टाच रोव, अंग मागे ठेव, गरज पडली तर सरळ बूड टेकव. डोंगराकडे रेलायचं, दरीकडे छाती झुकू द्यायची नाही. हे शिकवणं इतकं खोलवर गेलं आहे की झुरिकच्या ओल्या फुटपाथवरही माझी टाच आधी पडते.

स्कीवर नेमकं याच्या उलट करावं लागतं. लांब फळ्या पायाला बांधल्यावर त्या वळतात त्या पुढच्या टोकांपासून, आणि टोकांना बर्फ धरता यावा म्हणून वजन पुढे लागतं. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली, छाती उघडी, नजर खाली दरीत. भीती वाटली की माणूस मागे झुकतो. मागे झुकला की टोकं हलकी होतात, फळ्यांना दिशा उरत नाही आणि त्या सुटतात. म्हणजे भीतीने जे करावंसं वाटतं त्यानेच भीतीचं कारण वाढतं. शिवाय एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळताना मधे एक क्षण असा येतोच की दोन्ही फळ्यांची टोकं सरळ दरीकडे असतात. तो टाळून वळताच येत नाही. लहान मुलांना शिकवताना आधी फळ्यांची टोकं जवळ आणि शेपट्या लांब ठेवून वेग आवरायला लावतात, त्याला इथे ‘पिझ्झा’ म्हणतात. फळ्या समांतर आल्या की ‘पोमेस’, बटाट्याच्या तळलेल्या काड्या. आमच्या शिक्षिका साठीच्या होत्या. उन्हाळ्यात गाई पाळणाऱ्या, हिवाळ्यात लाल जाकीट घालून नवशिक्यांना सांभाळणाऱ्या. त्या माझ्या समोर तोंड करून, स्वतः उलट्या घसरत, माझे हात धरून मला खाली नेत आणि म्हणत, डोंगराकडे बघू नका, तो कुठे जात नाही.

माझ्या गुडघ्यांना हे पटायला फार वेळ लागला. पडणं दुखत नव्हतं. पडल्यावर उठणं दुखायचं. फळ्या आडव्या करायच्या, काठी रोवायची, आणि उतारावर उभं राहताना पुन्हा घसरायचं. शेजारून चार वर्षांची पोरं, काठ्यांशिवाय, हात पसरून सरसरत जायची. आपलं शरीर एका प्रकारे घडलं आहे आणि आता वयाच्या चाळिशीत त्याला दुसरं काही सांगायचं आहे, हे काम किती थकवणारं असतं! दुपारी तीन वाजता मांड्या थरथरायला लागल्या की मला कोणत्याही सुट्टीपेक्षा झोप हवीशी वाटायची.

आणि मग ते एकदा झालं. वेंगेनच्या वरच्या मेन्लिखेन पठाराखाली ग्रिंडेलवाल्डच्या बाजूला एक रुंद, सौम्य, निळ्या खुणेचा उतार आहे. निळा म्हणजे सोपा, मग लाल, मग काळा. सकाळी लवकर गेलं तर रात्री यंत्रांनी सारखा केलेला बर्फ तेल लावून विंचरलेल्या केसांसारखा रेघारेघांचा असतो आणि त्या रेघा अजून कोणी मोडलेल्या नसतात. समोर आयगर शिखराची उत्तरेकडची भिंत, सावलीत निळीकाळी. १९३८ पर्यंत कोणालाही पार न झालेली. त्या सकाळी मी वळले, टोकं दरीकडे गेली, आणि मी मागे झुकले नाही. का, ते सांगता येणार नाही. फळ्या आपोआप पलीकडे वळल्या, जणू त्यांना तिकडे जायचंच होतं. मग दुसरं वळण, मग तिसरं. फळीखाली बर्फाचा एक कोरडा, सलग आवाज. फळी बर्फावरून सरकते ती मधल्या पाण्याच्या अतिशय पातळ थरामुळे. बर्फाचा पृष्ठभाग मुळात पूर्ण घट्ट नसतो आणि घर्षणाच्या उष्णतेने तो आणखी वितळतो. आपण उभे असतो ते खरं तर त्या क्षणापुरत्या पाण्यावर. हे मला नंतर वाचून कळलं, पण तळपायांना त्या सकाळीच कळलं होतं. शरीरातलं वजन नाहीसं झालं होतं असं म्हणणार नाही. उलट वजन पहिल्यांदाच उपयोगाचं झालं होतं. आपण ते एका पायावरून दुसऱ्या पायावर सोपवत होतो आणि डोंगर ते घेऊन आपल्याला वळवत होता. दोन-तीन मिनिटं टिकलं असेल. खाली आल्यावर मला रडू आलं.

तेव्हा आनंद खरा आहे, यात मला शंका नाही. शंका आहे ती त्याच्याभोवती बांधलेल्या सगळ्या गोष्टींबद्दल.

वेंगेनच्या समोर, दरीपलीकडच्या कड्यावर म्यूरेन नावाचं गाव दिसतं. आधुनिक स्लालोमची शर्यत, म्हणजे झेंड्यांच्या जोड्यांमधून वळत उतरण्याची, तिथे १९२२ साली आर्नल्ड लन या इंग्रज माणसाने मांडली. हा लन जन्माने मद्रासचा. वडील मिशनरी म्हणून तिथे गेलेले होते. हेच वडील, हेन्री लन, पुढे इंग्लंडमधून हिवाळी सहली काढू लागले आणि आल्प्समधल्या स्कीच्या सुट्ट्यांना त्यांनी रूप दिलं. आर्नल्डने १९२४ साली म्यूरेनमध्ये क्लब काढला, त्याचं नाव कंदाहार. कारण १९११ मध्ये ज्या शर्यतीला चषक मिळाला होता तो कंदाहारचे लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या नावाचा, आणि रॉबर्ट्स जन्मले कानपूरला. गुलमर्गला भारतातला स्की क्लब ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्थापन केला तो १९२७ साली. मला या धाग्याचं फार नवल वाटतं. दरीच्या एका काठावर मी पुण्याहून आलेली, आणि समोरच्या काठावर ज्याने हा खेळ घडवला आणि ज्यांच्या नावावरून त्याच्या क्लबला नाव मिळालं त्यांची जन्मगावं मद्रास आणि कानपूर. पण माझ्या मनात राहतो तो लनचा पाय. १९०९ साली वेल्समध्ये कड्यावरून पडून त्याचा पाय मोडला आणि कायमचा आखूड झाला. तरी तो पुढे आयुष्यभर स्की करत राहिला. सुखासाठी इतकं दुखणं सोसणारी माणसं मला समजतात असं मी आधी म्हटलं नसतं. आता म्हणते.

लनच्या तरुणपणी मात्र चढण्या-उतरण्याचं गणित वेगळं होतं. त्याच्याही आधी, १८९४ साली, शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल बायकोच्या क्षयावर उपचार म्हणून दाव्होसला राहत होता, तेव्हा तो तिथल्या दोन भावांबरोबर खिंड ओलांडून आरोझाला गेला. पहाटे अंधारात निघून, चढ आपल्या पायांनी चढून. चढायला वेळ, उतरायला थोडी मिनिटं. दिवसाला एकच उतरण, आणि ती संपली की संपली. १९३४ च्या हिवाळ्यात दाव्होसच्या बोल्गेन उतारावर एर्न्स्ट कॉन्स्टाम या अभियंत्याने माणसांना दोरीला जोडलेल्या दांड्याने वर ओढणारी लिफ्ट सुरू केली आणि तो हिशोब कायमचा बदलला. आता एका सकाळीत दहा वेळा वर जाता येतं. चढण काढून टाकली, उतरण तेवढी उरली.

गडावर चढून गेलेल्याला हे लवकर जाणवतं. राजगडावर जाताना बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांपर्यंत जो दम लागतो, त्यातूनच माथ्यावरचं वारं गोड होतं. उतरताना पाय दुखतात, पण त्यांनी तो डोंगर मोजलेला असतो. लिफ्टच्या खुर्चीत बसून, गुडघ्यांवर पारदर्शक झाकण ओढून घेऊन, फोन बघत वर पोहोचलेला माणूस डोंगर मोजत नाही. तो फक्त खर्च करतो. मग खाली येऊन रांगेत उभा राहतो आणि पास महाग असल्यामुळे पुन्हा वर जातो, थकला असला तरी. दुपारनंतरचे बरेच अपघात दमलेल्या गुडघ्यांचे असतात. गावात कुबड्या घेऊन चालणारे लोक संध्याकाळी दिसतात, आणि दिवसभरात एकदा तरी दरीतून बचावपथकाच्या लाल हेलिकॉप्टरचा आवाज येतो. त्या आवाजाबरोबर उतारावरचे सगळे आईबाप आपापली मुलं नजरेने शोधतात. मीही शोधते. त्या अर्ध्या मिनिटात मला या सुट्टीचा अक्षरशः राग येतो.

एकदा वेंगेनहून वर क्लाइने शायडेगला जाणाऱ्या गाडीत समोरच्या बाकावर मराठी काकू बसल्या होत्या. सहलीबरोबर आलेल्या, युंगफ्राउयोखला निघालेल्या. साडीवर जाड कोट, पायांत खेळाचे बूट, मांडीवर दशम्यांचा डबा. मुलीशी मी मराठीत बोलले तसा त्यांचा चेहरा खुलला. आम्हा दोघींना दशमी दिली, चटणी दिली. मग माझ्या बुटांकडे बघत म्हणाल्या, “पाय दुखत नाहीत का गं बाळा यात?” मी म्हटलं, “दुखतात, काकू.” “मग मजा येते का खरंच?” त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर कळून घ्यायचं होतं, कारण समोर अख्खी गाडी त्या बुटांतल्या माणसांनी भरलेली होती आणि सगळे हसत होते. मी सांगितलं, “दिवसातून कधीतरी येते. आली की खूप येते.” त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग ठीक आहे. वारीतही तसंच असतं.” त्या तीनदा आळंदीहून पंढरपूरला चालत गेल्या होत्या. मी पुढे काही बोलले नाही, पण मनात आलं की वारीत वाट आपल्याच पायांनी चालावी लागते.

दुसरी गोष्ट बर्फाची. २०२३ चा जानेवारी लागला तेव्हा आल्प्सच्या खालच्या अंगाला हिरवं गवत होतं आणि त्या गवतावर बर्फाचे पांढरे अरुंद पट्टे. वरून पाहिलं तर डोंगराला पट्ट्या बांधल्यासारखं दिसत होतं. तो बर्फ तोफांनी फवारलेला. पाणी आणि दाबाखालची हवा यांचे बारीक तुषार थंडीत उडवले की जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. पण त्यालाही शून्याखालची, पुरेशी कोरडी थंडी लागतेच. स्वित्झर्लंडमधल्या निम्म्याहून अधिक उतारांवर आता अशी सोय आहे, इटलीत तर त्याहून कितीतरी जास्त. क्लाइने शायडेगच्या वर फाल्बोडन नावाचं एक तळं आहे. उन्हाळ्यात आयगरचं प्रतिबिंब त्यात पडतं आणि लोक तासन्‌तास तिथे फोटो काढतात. मीही काढले आहेत. ते तळं बर्फ बनवायला लागणारं पाणी साठवण्यासाठी खोदलेलं आहे, हे कळल्यावर फोटो तेच राहिले, पण त्यांच्याकडे बघताना आता काहीतरी खुपतं. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या मावळातल्या वाड्या मी पाहिल्या आहेत. इथे पाणी मुबलक आहे, त्याने कोणाचा घसा कोरडा पडत नाही, हेही मला माहीत आहे. तरी डोंगरावर पाणी चढवून त्याचा उतार करायचा आणि त्यावरून आपण आनंदाने घसरायचं, हे मला निर्वेधपणे करता येत नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गही असंच उघडं पडलं होतं. काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचे, चिल्लई कलानचे, चाळीस दिवस जवळजवळ कोरडे गेले. तिथे त्या बर्फावर घोडेवाल्यांची, स्लेज ओढणाऱ्यांची, गाइडांची चूल पेटते. इथे बर्फ नसला तर सुट्टी बिघडते. दोन्हीला एकाच तराजूत घालणं मला जमत नाही.

आणि माझी मुलगी. ती या उतारावर जन्मल्यासारखी फिरते. तिचं शरीर दरीकडे झुकायला घाबरत नाही, कारण त्याला दुसरं काही कधी शिकवलंच नाही. लिफ्टमध्ये ती मैत्रिणींशी इथल्या बोलीत खिदळते, खाली येऊन मला मराठीत सांगते, “आई, तू अजून मागे झुकतेस.” ती माझ्यापुढे जाते तेव्हा पहिल्या वळणावर मी तिच्याकडे बघते, दुसऱ्यावर अजून दिसते, तिसऱ्यावर एक निळा ठिपका, आणि मग उताराची सोंड आडवी येते. मी तिला या देशात आणलं, म्हणून तिला हे मिळालं. मला जे वयाच्या चाळिशीत हातापाया पडून मिळवावं लागलं ते तिच्याकडे न मागता आलं आहे. मला त्याचा हेवा वाटत नाही. पण घसाऱ्यावर टाच रोवायची, हे तिला कोण शिकवणार, असं वाटतं खरं. दोन वर्षांमागे तिला सिंहगडावर नेलं तेव्हा ती उतरताना सारखी पुढे पडत होती.

मागच्या सुट्टीत आम्ही एक दिवस पास घेतलाच नाही. ग्रिंडेलवाल्डच्या वर फर्स्टपर्यंत पाळण्याने गेलो आणि तिथून लाकडी स्लेज दोरीने ओढत, पायी, फाउलहॉर्नच्या २,६८१ मीटरच्या माथ्यावर चढलो. अडीच-तीन तास चढ. मुलीची कुरकुर, मग गाणी, मग गप्प, मग शेवटच्या चढावर तिचा हात माझ्या हातात. वरून ग्रिंडेलवाल्डपर्यंत स्लेजवर बसून जवळजवळ १५ किलोमीटरची उतरण, एकाच दमात, आणि ती दिवसात एकदाच. तोंडावर बर्फाचे कण येत होते, आम्ही दोघी ओरडत होतो. मला डॉइलचा हिशोब कळला. संध्याकाळी घरी आलू-मेथी आणि गरम भात खाताना नवरा म्हणाला की या आठवड्यातला हाच खरा दिवस होता.

म्हणून पुढच्या वर्षी निम्म्याच दिवसांचा पास घ्यावा आणि उरलेले दिवस चढावेत, स्लेज ओढत किंवा फळ्यांच्या खाली घसरण अडवणारी पट्टी लावून, असं मी सुचवलं आहे. जुन्या लोकांकडे अशा पट्ट्या सीलच्या कातड्याच्या असत; आता त्या कृत्रिम धाग्याच्या मिळतात. नवरा तयार आहे. वेंगेनच्या घरमालकीणबाईंना एप्रिलअखेर कळवायचं आहे की आठवडा हवा की नको, आणि आठवडा हवाच आहे, त्यावर दुमत नाही.

दुमत पासावर आहे. मुलीने ऐकून घेतलं, विचार केला आणि एक मुद्दा मांडला. तिच्या मते मी लिफ्टवर अन्याय करते आहे. ती म्हणाली, “लिफ्ट होती म्हणून तर तू दिवसातून वीस वेळा वळून बघू शकलीस, आई. दिवसातून एकदाच उतरायला मिळालं असतं, तर मेन्लिखेनवरचं ते वळण तुला कधी जमलं असतं?” याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, आणि पासाचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतला आहे.